साडेचार फुटांची आडभिंत

२०११ सालच्या एप्रिल महिन्यात अवघ्या चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असावा असे त्या वेळी कोणाच्याही ध्यानी आले नाही. ११ तारखेला भारत सरकारने सायबर कॅफेंची नियमावली जारी करून फर्माविले की, कॅफेतील आडभिंती जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच असू नयेत; आणि १५ तारखेला इंटरनेटच्या मूळ नामसूचीत ‘डॉट ट्रिपल एक्स’ हा प्रौढांच्या संकेतस्थळांसाठी राखून ठेवलेला स्वतंत्र प्रत्यय दाखल झाला. येथे भिंती कापावयाच्या होत्या, तेथे नवी भिंत घालावयाची होती. हेतू मात्र दोहोंचा एकच, की लहान मुलांच्या दृष्टीस जे पडू नये ते पडू नये.

स्वतंत्र प्रत्ययाची कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ज्या व्यवसायाची जी पेठ, तेथेच त्याने दुकान मांडावे, हा आपल्या जुन्या गावांचा शिरस्ता होता. बिंदुसरेच्या काठच्या आमच्या बीड शहराचा एक भाग आजही ‘पेठ बीड’ या नावानेच ओळखला जातो. अशीच एक पेठ इंटरनेटवर वसवावी, अशी दरखास्त आयसीएम रजिस्ट्री नामक कंपनीने नामव्यवस्था सांभाळणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेकडे प्रथम २००० साली आणि पुन्हा २००४ साली केली. १ जून २००५ रोजी तिला तत्त्वतः अनुकूलता मिळाली. पण अमेरिकेतील धर्मनिष्ठ कुटुंबसंस्थांच्या चळवळीमुळे तेथील वाणिज्य खात्याकडे हजारो पत्रे येऊन पडली, खात्याने ऑगस्टमध्ये सबुरीचा सल्ला दिला, आणि मे २००६ मध्ये व पुन्हा मार्च २००७ मध्ये लिस्बन येथे दरखास्त नामंजूर झाली. कंपनीने दाद मागितल्यावर स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळाने फेब्रुवारी २०१० मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने कौल दिला, आणि अखेरीस १८ मार्च २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे नऊ विरुद्ध तीन मतांनी मंजुरीची मोहोर उमटली. एका प्रत्ययासाठी एका तपाला थोडेच कमी इतका काळ खर्ची पडला.

या दीर्घ वादातील सर्वांत मनोरंजक भाग म्हणजे, ज्यांचे एरवी एका पंगतीत बसणे अशक्य, असे दोन पक्ष विरोधासाठी शेजारी येऊन बसले. नीतिरक्षकांचे म्हणणे असे की, स्वतंत्र पेठ देणे म्हणजे व्यसनाला सनद बहाल करणे होय. आणि त्या धंद्यातील ‘फ्री स्पीच कोअॅलिशन’ या संघटनेचे म्हणणे असे की, आज खुषीची असलेली ही पेठ उद्या सक्तीची होईल, आणि एकदा सगळी दुकाने एका वेशीच्या आत आली की, ती वेस बंद करावयास एक कुलूप पुरेल. हे दुसरे भय निराधार नव्हते. भारत सरकारने या प्रत्ययाला हरकत घेतलीच होती, आणि तो सबंध प्रत्ययच रोखण्यात येईल असे सरकारी अधिकाऱ्यांनी मार्च २०११ मध्येच सूचित केले होते. ज्यांचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता अशी विद्यापीठे आणि कंपन्या मात्र आपले नाव त्या पेठेतील एखाद्या पाटीवर झळकू नये म्हणून ते पैसे भरून राखून ठेवू लागल्या. पेठ वसण्यापूर्वीच वसूल झालेला हा भीतीचा महसूल होता.

मूळ अडचण मात्र निराळीच होती, आणि ती डॉनल्ड ईस्टलेक या तंत्रज्ञाने २००४ सालच्या एका टिपणात मांडून ठेवली होती. संकेतस्थळाचे नाव ही केवळ पाटी असते. एकाच यंत्राकडे दहा नावांनी जाता येते, आणि एका पाटीचा रंग बदलल्याने उरलेल्या नऊ वाटा बंद होत नाहीत. शिवाय कोणता मजकूर त्या पेठेत जावा हे ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाचा अनुभव मराठी वाचकाला फार पूर्वी आलेला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात छापून आली. पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांनी लेखकाला निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने तीच कथा अश्लील ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये पुन्हा ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. कथा एक, भाषा एक, कलम एक, आणि तरीही तीन पायऱ्यांवर निवाडे उलटसुलट. मग सर्व देशांच्या सर्व भाषांतील मजकुराची वर्गवारी तीन अक्षरांच्या प्रत्ययाने व्हावी ही अपेक्षाच भाबडी होती. ६ डिसेंबर २०११ पासून नावांची सर्वांना विक्री सुरू झाली, पण जुनी दुकाने ‘डॉट कॉम’च्या हमरस्त्यावरून हलली नाहीत. शब्दाला प्रत्यय लागला. सुधारणेचा प्रत्यय आला नाही.

आपल्याकडे हा वाद प्रत्ययापेक्षा सायबर कॅफेतील फळ्यांभोवती अधिक फिरला. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने नागरिकांच्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि अल्पवयीनांच्या रक्षणासाठी समिती नेमली. ओळखपत्र पाहावे, मुलांना बंदिस्त कप्प्यात न बसविता उघड्यावरील संगणक द्यावेत, अशा तिच्या शिफारशी होत्या. त्याच सुमारास बीडच्या बसस्थानकाजवळील एका कॅफेत मी भाच्याचा निकाल पाहावयास गेलो असता, प्लायवूडच्या उभ्या खोक्यांना लावलेले पडदे पाहून मालकाला सहज विचारले, तेव्हा तो ओशाळे हसून म्हणाला, “सर, फळ्या काढल्या तर गिऱ्हाईक कुठून येणार?” पुढे नियमावली निघाली खरी, परंतु तोवर गिऱ्हाईकच उठून चालले होते.

कारण पडदा आता खिशात आला होता. २०१५ च्या जुलैअखेर सरकारने प्रौढांची ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा हुकूम काढला आणि गदारोळ होताच, बालकांच्या शोषणाचा मजकूर नसलेल्यांपुरता, तो चार-पाच दिवसांत शिथिल केला; २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच यादीतील ८२७ स्थळे पुन्हा रोखण्यात आली. या दोन हुकमांच्या दरम्यान, २०१६ साली, जिओची मोबाईल सेवा आली आणि तासाच्या भाड्याने मिळणारे इंटरनेट दिवसभराच्या फुकट पाण्यासारखे वाहू लागले.

आता विचाराची दिशा स्थळाकडून वयाकडे वळली आहे. ब्रिटनने जुलै २०२५ पासून अशा स्थळांवर वयाची पडताळणी सक्तीची केली. आपल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची अट घातली. कागदावर ही तजवीज निर्दोष वाटते. परंतु तिच्यात असे गृहीत धरलेले आहे की, पालक घरी आहेत. दसरा-दिवाळी उलटली की आमच्या बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीच्या जोड्या कारखान्यांच्या फडांकडे निघतात, आणि पाच-सहा महिने घरी उरतात ती म्हातारी माणसे व काही मुले. करोनाच्या काळात शाळा भरविण्यासाठी म्हणून घेतलेला मोबाईल त्याच घरात राहतो. आई-बापाशी रात्री दोन शब्द बोलता यावेत म्हणून तो राहणे भागही असते. भिंत किती उंच असावी आणि पेठ कोठे वसवावी याचा खल पंचवीस वर्षे चालला; ती संमती विचारणारा प्रश्न पडद्यावर उमटेल, तेव्हा त्या ओसरीवर असेल ती अक्षरओळख नसलेली आजी, आणि तिला तो प्रश्न वाचून दाखविणारा तिचा नातूच.