कोणाच्या शंभरातले?

सकाळी ९.००
गणपती झाले, चाकरमानी परतले. एसटीत आज बसायला जागा मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत पुन्हा म्हातारी माणसं, बायका आणि पोरं उरली.

१०.३०
परिपाठ, मग हजेरी. सातवीचा पट १७ : मुली ८, मुलगे ९. मुली ६ हजर, मुलगेही ६. मॉनिटर फळ्यावर आकडे मांडून जाहीर करतो, "बाई, बरोबरी!" मी काही बोलत नाही. गणिताच्या तासाला आयतं उदाहरण मिळालं.

११.१५
६/८ आणि ६/९. मोठा कोणता? अर्धा वर्ग ६/९ म्हणतो, कारण नऊ मोठे. संक्षिप्त रूप दिलं : ३/४ आणि २/३. छेद समान केला : ९/१२ आणि ८/१२. आता कुणी वाद घालत नाही. मुलांना अपूर्णांक आणि शेकडेवारी हे दोन वेगळे धडे वाटतात. खरं तर शेकडेवारीत दोन्ही गटांना १०० हा एकच छेद देतो, एवढंच. मुली ७५ टक्के, मुलगे ६६.६७.

मुली टाळ्या वाजवतात. मी एक हजर मुलगी पुसते : ५/८, म्हणजे ६२.५. टाळ्या पलीकडच्या रांगेत गेल्या. आठांच्या गटात एकटी पोर साडेबारा टक्क्यांची असते. लहान गटाची टक्केवारी मला म्हणूनच नुसती वाचवत नाही, शेजारी पट लागतो.

१.१५
खिचडी. ताटं मोजली, नोंद केली.

२.१५
भूगोल. २०११च्या जनगणनेचे आकडे फळ्यावर. रत्नागिरी जिल्हा : स्त्रिया ८,५३,९४८, पुरुष ७,६१,१२१. मुंबई शहर जिल्हा : स्त्रिया १४,००,८०३, पुरुष १६,८४,६०८. "बायका कुठे जास्त?" सगळे ओरडतात, "मुंबईत!" मोजणी म्हणून खरंच आहे. मग शंभर माणसांत किती, ते काढायला लावलं. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर हातोहात फिरला. रत्नागिरीत ५२.९, मुंबई शहरात ४५.४. उत्तर उलटलं.

जनगणना हेच दर हजार पुरुषांमागे सांगते : रत्नागिरी ११२२, मुंबई शहर ८३२. इथे वर्ग अडकला. ११२२ला हजाराने भागून ११२ टक्के स्त्रिया, असं एकाने काढलं. आकडेमोड चोख, पण छेदात फक्त पुरुष. संपूर्ण लोकसंख्येतला वाटा हवा असेल तर छेद २१२२.

"पण बाई, आपल्याकडे मुली जास्त जन्मतात का?" नाही. ० ते ६ वयाच्या गटात इथेही हजार मुलग्यांमागे मुली हजाराहून कमीच. मग मोठेपणी आकडा फिरतो कसा? मागच्या बाकावरची एक मुलगी विचारते, "माझे बाबा मुंबईला असतात. त्यांना कुठे धरलं?"

दिवसभरातला हाच सर्वांत चांगला प्रश्न. जनगणना माणसाला गावच्या रेशनकार्डावर नाही, तो नेहमी राहतो तिथे मोजते. बाबा मुंबईच्या छेदात गेले. इथे एक पुरुष वजा, तिथे एक अधिक. दोन्ही टक्केवाऱ्या हलल्या. (आमचे बरेचसे लोक विरार-डोंबिवलीला असतात, ते मुंबई शहर जिल्ह्यातही येत नाहीत. तेवढा बारकावा उद्या.) म्हणजे रत्नागिरी आणि मुंबई हे दोन अलग गट नव्हेतच, एकातून माणूस निघतो तो दुसऱ्यात भरतो. शंभरात ५२.९ स्त्रिया, म्हणून इथे मुलींचं भलं चाललंय असं भाषणात ऐकलं की मला वयोगट विचारावासा वाटतो.

४.००
गृहपाठ : आपल्या वाडीतल्या प्रौढ स्त्रिया आणि पुरुष मोजून आणा, बाहेरगावी राहणाऱ्यांचा रकाना वेगळा करा.

४.४०
ऑनलाइन तक्ता. त्यात पट लिहायला जागाच नाही, फक्त टक्केवारी : मुली ७५, मुलगे ६६.६७. खाली रकाना, 'तफावतीचे कारण'. मी लिहिते, "एक मुलगा तापाने आजारी." तो आला असता तर ७/९, म्हणजे ७७.७८, मुलगे पुढे.

पाच मिनिटांत फोन. "बाई, तफावतीला असं कारण चालत नाही. काहीतरी सामाजिक लिहा."

"सर, पट सतराचा आहे," मी म्हणते, आणि ताप तसाच ठेवते.