नाडी तीच, लगाम सैल

सामायिकाची ४८ मिनिटे पूर्ण होतात, घरातील ज्येष्ठ आसनावरून उठतात आणि क्षणभर भिंतीचा आधार घेतात. ‘जरा अंधारी आली,’ एवढेच म्हणतात. अशक्तपणा समजून आपण ते सोडून देतो. परंतु मेंदूच्या निरोपाला हृदयाने व रक्तवाहिन्यांनी उशिरा प्रतिसाद दिल्याची ती खूण असू शकते.

हृदय धडधडते ते स्वतःच्याच बळावर. मज्जासंस्था केवळ त्याची गती सांभाळते. अनुकंपी तंतू गती वाढवितात, व्हेगस हा मज्जातंतू ती आवरतो. औषधांनी या दोहोंचा प्रभाव तात्पुरता थांबवून मोजले असता विसाव्या वर्षी हृदयाचे मिनिटाला सुमारे १०७ ठोके पडतात, सत्तराव्या वर्षी सुमारे ७८. तरीही विश्रांतीत दोघांचीही नाडी ७०च्या आसपास लागते! तरुणाचे हृदय व्हेगसने घट्ट आवरून धरलेले असते. वृद्धाच्या हृदयात आवरण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. सांगलीच्या हळदपेठेत कालचा भाव आज टिकला, म्हणून गोदामातील साठा कळत नाही, नाडीचेही तसेच.

गती वाढविणाऱ्या यंत्रणेची कथा अधिक विलक्षण आहे. रक्तातील नॉरॲड्रिनॅलिन वयाबरोबर कमी होत नाही, उलट वाढते. हृदयच त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. ढोबळ हिशेबाने २२० मधून वय वजा केले की हृदयाची कमाल गती मिळते. साताऱ्याचा अजिंक्यतारा चढताना विशीतील नातवाचे हृदय २०० पर्यंत जाऊ शकते, सत्तरीच्या आजोबांचे १५० वरच थांबते. आजोबा मागे राहतात, तो केवळ गुडघ्यांचा दोष नव्हे.

उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोट व पायांकडे उतरते. मानेतील धमन्यांच्या भित्तिकांत दाब ओळखणारी केंद्रे असतात. ती मेंदूला कळवितात आणि ठोके वाढतात. वयपरत्वे या भित्तिका ताठर होतात, निरोप क्षीण होतो. त्यात चौविहाराची निर्जल रात्र, नवकारशीपूर्वीची पहाट आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांची भर पडली, की तोल जाण्यास निमित्त पुरते. मग खुब्याचे हाड मोडते आणि वर्षानुवर्षे दुकानाची गादी सांभाळलेली व्यक्ती अंथरुणाला खिळते.

व्रत सोडावे असे येथे सुचवायचे नाही. पर्युषणातील उपवासांपूर्वी गोळ्यांची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी; आपल्या मनाने गोळी बंद करू नये. उठण्यापूर्वी पाय व पोटऱ्या हलवाव्यात, थोडे थांबावे, मग आधार घेऊन उभे राहावे. रोजचे चालणे व्हेगसचा लगाम काही अंशी टिकवून धरते. रक्तदाब मात्र केवळ बसवून मोजू नये. पाच मिनिटे आडवे झाल्यावर एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा.