दंतोपचार फसल्यास: समज आणि वस्तुस्थिती

दंतोपचारानंतर ठणका थांबला नाही किंवा बसवलेली कॅप निघाली, की डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असे अनेक रुग्ण धरून चालतात. परंतु उपचार अयशस्वी ठरणे वेगळे आणि हलगर्जीपणा, म्हणजे त्या शाखेतील सर्वसाधारण कुशल डॉक्टर घेईल तेवढी काळजीही न घेणे, वेगळे. रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातील नलिका साफ करणारी बारीक फाइल आत तुटू शकते आणि केवळ तेवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाहीत. मात्र ती तुटल्याचे लपवून वर कॅप बसवणे सर्वस्वी गैर आहे, कारण पुढे काय करायचे हे ठरवण्याचा रुग्णाचा हक्कच त्यामुळे हिरावला जातो.

त्याच डॉक्टरांकडे परत गेल्यास तक्रार दुबळी होते, हा समजही निराधार आहे. नवी कॅप चावताना दुखत असेल तर पुष्कळदा ती किंचित उंच राहिलेली असते. रंगीत कागदाची पट्टी दातांमध्ये धरून चावले की उंच जागी ठळक ठिपका उमटतो आणि तेवढा भाग घासल्यावर त्रास बहुधा थांबतो.

सर्वांत घातक समज असा, की आधी दुसरीकडे सारे काम नव्याने करून घ्यावे आणि तक्रारीचे मागाहून पाहावे. जुनी कॅप फेकली किंवा दाढ काढली की पहिल्या कामाचा पुरावाच नाहीसा होतो, आणि हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी तर मुख्यतः रुग्णावरच असते. म्हणून काम उकलण्यापूर्वी नवा एक्स-रे, छायाचित्रे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे लेखी निरीक्षण घ्यावे, काढलेली कॅपही जपून ठेवावी. केस पेपर मागता येत नाहीत, हे खरे नाही: रुग्णाने मागणी केल्यास शुल्क आकारून त्यांच्या प्रती दिल्या पाहिजेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात दिला. मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी.

संमतिपत्रावरील सहीने दाद मागण्याचा हक्क संपत नाही. ती सही समजावून सांगितलेल्या धोक्यांना असते, निष्काळजीपणाला नव्हे.

राज्य दंत परिषद पैसे मिळवून देईल, ही अपेक्षाही चुकीची आहे. परिषद डॉक्टरांना ताकीद देऊ शकते किंवा नोंदणीपुस्तकातून त्यांचे नाव कमी करू शकते, पण नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. फौजदारी गुन्ह्यासाठी तर घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले होते. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये त्यातून वगळली आहेत. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील देण्याची सक्तीही नाही, आणि रुग्ण राहतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार चालते; त्यामुळे पुण्यात दात बसवून घेतलेल्या चिपळूणच्या रुग्णाला रत्नागिरीत दाद मागता येते.