भट्टीवाचून ज्वारीची पौष्टिक वडी

परभणी जिल्ह्यात ज्वारीचा उपयोग मुख्यत्वे भाकरीकरिता व कडब्याकरिता होतो. घरच्या कणगीत हे धान्य असताना शाळेस जाणाऱ्या मुलांच्या हाती मात्र बहुधा दुकानातील बिस्किटांचा पुडा असतो. पुड्याची किंमत थोडी दिसली तरी तो खर्च रोजचा व रोखीचा असतो. कापूस व सोयाबीन या पिकांमुळे ज्वारीखालील क्षेत्र कमी होत आले आहे. घरात ज्वारीचा उपयोग वाढला तर ती पेरण्याचे एक कारण शेतकऱ्याच्या हाती राहील. या दृष्टीने ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे, तीळ व गूळ यांची वडी करण्याची रीत येथे दिली आहे. तिच्यासाठी भट्टीची गरज नाही. चूल अथवा गॅसची शेगडी पुरते.

भट्टीचे काम दुसऱ्या रीतीने

बिस्किट भाजताना भट्टी तीन कामे करते. ती कच्चे पीठ शिजविते, ओल घालविते व पदार्थास आकार देते. ही कामे अगोदरच निराळ्या मार्गाने उरकली तर भट्टीची आवश्यकता राहत नाही. अमेरिकेत ओट या धान्याचे पोहे, कोको, साखर, दूध, लोणी व शेंगदाण्याचे लोणी यांपासून अशीच न भाजता बिस्किटे करतात. ओटचे दाणे पोहे करण्यापूर्वी वाफविलेले असतात. त्यामुळे ते पुन्हा भाजावे लागत नाहीत. उकळलेला साखरेचा पाक थंड होताना घट्ट होतो व सर्व जिन्नस एकत्र बांधून ठेवतो.

आपल्याकडील चिक्की व लाडू यांचे तत्त्व हेच आहे. ओटच्या पोह्यांची जागा ज्वारीच्या लाह्या घेऊ शकतात. लाही फुटते तेव्हा दाण्यातील ओलीची वाफ होते, पिठूळ भाग शिजतो व फुलून बाहेर येतो. म्हणजे लाही हे शिजलेलेच अन्न होय. कच्चे ज्वारीचे पीठ पाकात घालून मात्र ही वडी करू नये. ते नीट शिजत नाही व पचनास जड जाते.

ज्वारीची निवड

लाह्यांकरिता कठीण, टणक, निरोगी व साल न दुखावलेला दाणा घ्यावा. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडल्यास दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडतो. असा दाणा नीट फुटत नाही व खाण्यासही योग्य नसतो. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागला की पीक पक्व झाले असे समजावे व कापणी लांबवू नये. रब्बीचा दाणा सहसा स्वच्छ व चकचकीत असतो.

परभणी येथील कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हा खरीप ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित केला. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते. सामान्य वाणात हे प्रमाण सुमारे ३० व २० मिलिग्रॅम असते.

लाह्या करण्याची रीत

नागपंचमीस लाह्या करणाऱ्या घरांतील स्त्रियांना ही रीत परिचित आहे. निवडलेली ज्वारी कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून निथळावी व फडक्यात रात्रभर बांधून ठेवावी. सकाळी ती सावलीत पसरून वरचे पाणी सुकू द्यावे. लोखंडी कढई चांगली तापवावी, एका वेळी मूठभरच ज्वारी टाकावी व कापडाच्या बोळ्याने सतत हलवावी. दाणा फार कोरडा असल्यास पुरेशी वाफ होत नाही. फार ओला असल्यास तो फुटण्याऐवजी करपतो. लाह्या चाळून न फुटलेले दाणे काढून टाकावेत, कारण ते दातास इजा करतात.

साहित्य

लाह्या जाडसर भरडून १०० ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट १५० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, चिरलेला गूळ २५० ग्रॅम, पाणी पाव कप, तूप दोन चमचे. आवड असल्यास दोन चमचे कोको पूड घालावी. कोको हे आपल्या जिल्ह्यातील पीक नव्हे. ते केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू येथे नारळ-सुपारीच्या बागांतून घेतले जाते. ते विकतच आणावे लागते, व त्यावाचून वडीचे काही अडत नाही.

कृती

प्रथम लाह्या, कूट व तीळ एकत्र करून जवळ ठेवावेत आणि ताटास तूप लावावे. पाक तयार झाल्यावर या कामांस वेळ मिळत नाही. नंतर गूळ व पाणी मंद आचेवर ठेवावे. गूळ विरघळताच गाळून कचरा काढावा. त्यात तूप घालून पाक पुन्हा उकळू द्यावा. कोको घालावयाचा असल्यास तो याच वेळी गुठळी न होऊ देता मिसळावा. पाण्याऐवजी दूध वापरू नये. गुळामुळे दूध नासण्याचा संभव असतो.

वडीचे यश पाकावर अवलंबून आहे. वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकावा. थेंब विरघळला तर पाक कच्चा आहे. त्याची बोटांनी मऊ गोळी वळली तर तो तयार झाला. या वेळी त्याचे तापमान सुमारे ११२ ते ११६ अंश सेल्सिअस असते. गोळी कडक होऊन कटकन मोडू लागली तर तो चिक्कीचा पाक झाला. मऊ गोळी होताच भांडे खाली उतरवावे, कोरडे मिश्रण घालून झपाट्याने ढवळावे व ताटात थापावे. कोमट असताना सुरीने रेघा पाडाव्यात व निवाल्यावर वड्या सोडवाव्यात. या प्रमाणात सुमारे पंचवीस लहान वड्या होतात.

वडी घट्ट न झाल्यास मिश्रण पुन्हा मंद आचेवर परतावे. ती भुगा होऊन पडू लागल्यास चमचाभर गरम पाणी शिंपडून मिश्रण कोमट करावे व त्याचे लाडू वळावेत. असे लाडू लवकर संपवावेत. दोन्ही प्रसंगी माल फुकट जात नाही.

घ्यावयाची काळजी

उकळता पाक पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो व कातडीस चिकटून राहतो. म्हणून तो उतरविताना मुलांना दूर ठेवावे. बुरशी आलेले, रंग बदललेले, सुरकुतलेले अथवा कडवट शेंगदाणे फेकून द्यावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते व ते भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकण्याचा धोका असतो, म्हणून कूट बारीकच असावे. ज्यांना शेंगदाणा सोसत नाही त्यांना ही वडी देऊ नये.

शेंगदाणा व तीळ यांमुळे वडीत प्रथिने व स्निग्धांश चांगले मिळतात. तथापि गूळ हाही साखरेचाच प्रकार आहे. मुलास एका वेळी एक-दोन वड्या पुरेत. मधुमेही व्यक्तींनी ती टाळावी. वडी भाकरी, वरण व भाजी यांची जागा घेऊ शकत नाही.

गूळ हवेतील ओल ओढतो व लाह्या सादळतात. म्हणून वड्या पूर्ण निवाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. पावसाळ्यात त्या आठवड्याच्या आत संपतील इतक्याच कराव्यात.

कार्यकर्त्यांस सूचना

गावात प्रात्यक्षिक करताना केवळ तयार वडी वाटून थांबू नये. कच्चा, मऊ गोळीचा व कडक असे तिन्ही पाक पाण्यात टाकून दाखवावेत आणि प्रत्येक भगिनीकडून गोळी वळवून घ्यावी. हाताने पारखलेला पाक विसरला जात नाही. शेवटी साहित्याचा खर्च सर्वांसमक्ष मांडावा व वजनास वजन धरून बिस्किटांच्या पुड्याशी त्याची तुलना करावी. ज्वारी घरची असली तरी तिची बाजारभावाने किंमत धरावी, म्हणजे हिशेब खरा होईल.

एखाद्या बचत गटास वडी विकावयाची असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी. पाकिटावर घटक, वजन व तयार केल्याची तारीख लिहावी आणि शेंगदाण्याचा उल्लेख अवश्य करावा. प्रथम आपल्याच गावची शाळा सुटण्याच्या वेळी थोड्या वड्या ठेवून पाहाव्यात. त्या खपल्या तरच पुढच्या हंगामाकरिता ज्वारीची साठवण वाढविण्याचा विचार करावा.