मल्टिपल स्क्लेरोसिस : विरल जनुकभेदांचा कौटुंबिक शोध

मेंदू, मेरुरज्जू व दृक्‌तंत्रिका यांतील मज्जातंतूंवर मायेलीन नावाचे वसायुक्त आवरण असते. शरीराच्याच प्रतिरक्षा यंत्रणेच्या आघाताने हे आवरण जागोजाग नष्ट होऊन तेथे कठीण व्रण निर्माण होतात. या चिरकारी विकाराला मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा बहुविध काठिण्य म्हणतात. झां मार्तँ शार्को या फ्रेंच वैद्यांनी १८६८ मध्ये त्याचे सुस्पष्ट वर्णन केले. दृष्टिमांद्य, बधिरता, तोल जाणे व पायांतील अशक्तपणा ही प्रमुख लक्षणे होत. विकार बहुधा २० ते ४० वर्षे या वयात सुरू होतो.

बहुतेक रुग्णांच्या कुटुंबात दुसरा रुग्ण नसतो. क्वचित मात्र एकाच कुटुंबात चार किंवा अधिक रुग्ण आढळतात. कॅनडातील १९८६ च्या पाहणीनुसार एकयुग्मजी जुळ्यांपैकी एकास विकार असता दुसऱ्यासही तो असण्याचे प्रमाण सु. २६ टक्के, तर द्वियुग्मजी जुळ्यांत सु. २ टक्के होते. यावरून आनुवंशिकतेचा वाटा सिद्ध होतो आणि केवळ जनुके पुरेशी नाहीत, हेही स्पष्ट होते. प्रतिरक्षेशी संबंधित एचएलए जनुकसमूहाचा या विकाराशी असलेला संबंध १९७२ पासून ज्ञात आहे. त्यातील एक भेद धोका सु. तिप्पट करतो. २०१९ मध्ये ४७,००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून २३३ आनुवंशिक संबंध निश्चित झाले. परंतु त्यांतील बहुतेकांचा परिणाम अल्प आहे.

बहुरुग्ण कुटुंबात एखादा विरल पण प्रभावी भेद असावा, या कल्पनेने जनुकांतील प्रथिनसंकेतक भागांचा संपूर्ण क्रम वाचला जातो. लोकसंख्येत दुर्मिळ, प्रथिनात बदल घडविणारे आणि सर्व रुग्ण नातेवाइकांत समान असलेले भेद त्यातून निवडतात. भावंडांत सरासरी निम्मी जनुकद्रव्ये समान असतात, तर सख्ख्या चुलत भावंडांत एक-अष्टमांश. म्हणून दूरच्या नात्यातील रुग्णांची तुलना अधिक निवड करून देते. तरीही प्रत्येक व्यक्तीत असे शेकडो विरल भेद असतात व त्यांपैकी काही निव्वळ नात्यामुळे समान येतात. शिवाय भेद असूनही व्यक्ती निरोगी राहू शकते.

या अडचणींचा प्रत्यय दोनदा आला. ड जीवनसत्त्व सक्रिय करणाऱ्या एंझाइमाच्या सीवायपी२७बी१ या जनुकातील भेद २०११ मध्ये, तर एनआर१एच३ या जनुकातील भेद २०१६ मध्ये कॅनडातील दोन कुटुंबांवरून कारणीभूत मानला गेला. मोठ्या रुग्णसमूहांत मात्र दोन्ही निष्कर्षांना दुजोरा मिळाला नाही. अनेक सामान्य भेद एकाच कुटुंबात एकवटल्यानेही रुग्णसंख्या वाढू शकते. २०१८ मध्ये ३२,३६७ रुग्ण व ३६,०१२ निरोगी व्यक्ती यांच्या तुलनेतून पीआरएफ१ सह चार जनुकांतील अल्पप्रमाण भेदांचा संबंध दिसून आला. पीआरएफ१ हे जनुक बाधित कोशिका नष्ट करणाऱ्या परफोरीन या प्रथिनाचे आहे. विकाराचे मूळ प्रतिरक्षेत आहे, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली.

रुग्णाच्या भावंडांना वा मुलांना विकार होईल की नाही, हे निश्चित सांगणारी जनुकचाचणी नाही. त्यांच्यातील धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक असला, तरी तो सु. २ ते ४ टक्केच असतो. म्हणून एकाच कुटुंबात सापडलेला भेद इतरत्र पडताळल्याखेरीज कारण ठरविणे व त्यावरून नातेवाइकांना सल्ला देणे योग्य नव्हे.