बॅटरी मेली नाही, झोपलीय!

नव्या ड्रोनची बॅटरी खोक्यातून काढली, बटण दाबलं आणि एकही दिवा लागला नाही, तर बहुतेकांचा पहिला फोन जातो दुकानदाराला: ‘‘पीस खराब निघाला!’’ जरा दम धरा. ती बॅटरी बहुधा ठणठणीत आहे, फक्त गाढ झोपेत आहे. या झोपेला हायबरनेशन म्हणतात आणि ती कुणीतरी फार विचार करून लावलेली असते. का, कशी, आणि तिला उठवायचं कसं? घ्या, एकेक गंमत!

कारखान्यातूनच झोपून येते

डीजेआयसारख्या कंपन्यांच्या ‘इंटेलिजंट’ बॅटऱ्या हायबरनेशनमध्ये टाकूनच खोक्यात भरल्या जातात. या बॅटरीच्या पोटात नुसते सेल नसतात, एक छोटं सर्किटही असतं. प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजणं, तापमानावर नजर ठेवणं, बॅटरी आजवर किती वेळा चार्ज झाली याची नोंद ठेवणं, ही त्याची कामं. त्यासाठी लागणारी वीज ते त्याच सेलमधून घेतं. आता बॅटरी कारखाना, जहाज, गोदाम आणि दुकान असा महिनोन्महिने प्रवास करणार. तेवढा काळ सर्किट जागं राहिलं, तर ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत सेल पार आटून जातील. म्हणून सर्किट जवळपास सगळी कामं थांबवतं, बाहेर वीज देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच उघडून ठेवतं आणि झोपी जातं.

बटणाने नाही, चार्जरने उठते

बटण कितीही वेळा दाबा, जोरात दाबा, दाबून धरा. झोपलेलं सर्किट दाद देत नाही. ते वाट बघत असतं ती बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजची. चार्जर जोडला की ते जागं होतं, सेलची तब्येत तपासतं आणि सगळं ठीक असेल तरच वीज आत घेऊ लागतं. बॅटरीवरचे दिवे लुकलुकायला लागले की समजा, स्वारी उठली. म्हणून नव्या बॅटरीचा पहिला नियम सोपा आहे: आधी पूर्ण चार्ज, मग उड्डाण.

एकदा जाग आली की बटणही ऐकू लागतं. डीजेआयच्या बऱ्याच मॉडेलांत एकदा दाबलं की किती चार्ज आहे ते दिवे दाखवतात. सुरू करायचं असेल तर एकदा दाबून सोडायचं आणि लगेच पुन्हा दोन सेकंद दाबून धरायचं. पिशवीत धक्का लागून ड्रोन आपोआप चालू होऊ नये, म्हणून हा दुहेरी प्रकार.

अर्धपोटी प्रवासामागे विमानाचा नियम

नवी बॅटरी कधीच फुल्ल चार्ज होऊन का येत नाही? लिथियम बॅटरीत जितकी जास्त ऊर्जा साठलेली, तितकी दुर्घटना झाल्यास आग मोठी. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आली आणि मालवाहू विमानातून पाठवताना चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा दंडक झाला.

त्याआधी परीक्षाही द्यावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतली ‘यूएन ३८.३’ ही चाचणीमालिका पार केल्याशिवाय लिथियम बॅटरीला प्रवासाची परवानगी नाही. त्यात उणे ४० ते ७२ अंश सेल्सिअस तापमानाचे हेलकावे, विरळ हवा, थरथर, धक्के आणि शॉर्टसर्किट असे सगळे छळ आहेत.

‘आठ तास चार्जिंगला ठेवा’ विसरा

मोबाइलच्या सुरुवातीच्या दिवसांत दुकानदार बजावून सांगायचे: पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, पूर्ण संपल्याशिवाय पुन्हा लावू नका. हा सल्ला निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही. ती भरली की चार्जिंग आपोआप थांबतं. जादा तासांनी तिची ताकद वाढत नाही. आणि दर वेळी ठार रिकामी करणं तर तिच्यासाठी त्रासाचंच.

शेवटचे टक्के हळू का सरकतात?

चार्जिंगचे दोन टप्पे असतात. पहिल्यात चार्जर ठरावीक करंट देत राहतो, टक्के भराभर चढतात. सेल कमाल व्होल्टेजला पोहोचला की दुसरा टप्पा: आता व्होल्टेज स्थिर ठेवायचं आणि करंट हळूहळू कमी करत न्यायचा. म्हणून शेवटचे टक्के रेंगाळतात. याच सुमारास सर्किट सगळ्या सेलना एका पातळीवर आणतं. एक सेल पुढे, एक मागे अशी जोडी हवेत धोक्याची, त्यामुळे या संथपणावर चिडू नका.

हबचं गणित उलटं

तीन बॅटऱ्या चार्जिंग हबमध्ये लावल्या, तर आधी कोणती भरेल? सर्वात रिकामी? नाही! डीजेआयच्या मिनी २ किंवा मॅविक ३ च्या हबमध्ये जिच्यात चार्ज सर्वात जास्त, तिचा नंबर पहिला. कारण साधं आहे: एक बॅटरी तरी लवकरात लवकर उडायला तयार व्हावी. त्यामुळे हबमध्ये नवी बॅटरी लावली आणि तिचे दिवे लगेच हलले नाहीत, तर घाबरू नका. तिची पाळी अजून आलेली नसेल. उठली की नाही हे पटकन पाहायचं असेल तर हबमध्ये तिला एकटीलाच लावा.

उठल्यावर पहिलं काम: अपडेट

बॅटरीच्या सर्किटलाही स्वतःचं फर्मवेअर असतं आणि ते बहुतेक वेळा ड्रोनच्या अपडेटसोबतच येतं. पण अपडेट होते ती फक्त त्या वेळी ड्रोनमध्ये बसलेली बॅटरी. तीन असतील तर तिन्ही पाळीपाळीने बसवून अपडेट करा. हे काम घरी वायफायजवळ उरका. गडाच्या माथ्यावर नेटवर्क शोधत बसण्याची वेळ येणार नाही.

पडल्या पडल्या स्वतःच रिकामी होते

शनिवारी बॅटरी फुल्ल केली, पाऊस लागला, उड्डाण रद्द. पंधरवड्याने पाहिलं तर निम्मी! चोरी नाही, बिघाड नाही. मॅविक ३ ची बॅटरी तीन दिवस न वापरता राहिली की साधारण ९६ टक्क्यांवर येते आणि नऊ दिवस राहिली की ६० टक्क्यांवर. पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने सेल लवकर म्हातारे होतात, फुगू शकतात. म्हणून सर्किट जास्तीची वीज उष्णतेच्या रूपात सोडून देतं. त्या वेळी बॅटरी किंचित कोमट लागली तर तेही स्वाभाविक. उड्डाणाच्या आदल्या रात्री चार्जिंग, हीच उत्तम सवय.

दुसरी झोप जास्त गंभीर

हायबरनेशनचे प्रसंग दोन. पहिला नवेपणाचा. दुसरा, उडवून रिकामी झालेली बॅटरी तशीच कपाटात टाकल्यावरचा. चार्ज फार खाली गेला की उरलंसुरलं वाचवण्यासाठी सर्किट पुन्हा झोपतं. इथे मात्र घड्याळ चालू असतं. झोपेतही सेल थोडे थोडे आटतच राहतात. एका सेलचं व्होल्टेज साधारण अडीचच्याही बरंच खाली गेलं, की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. नंतर चार्ज केल्यावर ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. म्हणूनच काही बॅटऱ्या अशा अवस्थेत चार्जिंगला कायमचा नकार देतात, आणि तो नकार आपल्या भल्यासाठी असतो. उपाय: निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून साठवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा.

चंद्रपूरचा मे, लेहचा जानेवारी

या बॅटऱ्या साधारण ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्येच चार्ज होतात. २२ ते २८ अंश हे सर्वात सुखाचं तापमान. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सावलीतही चार्जिंग अडू शकतं. उन्हात उभ्या गाडीत तर बॅटरी ठेवूच नका. उतरलेल्या ड्रोनची तापलेली बॅटरीही आधी निवू द्या.

गोठवणाऱ्या थंडीत त्रास वेगळा. सेलच्या आत ग्राफाइटमध्ये शिरायचं सोडून लिथियम वरच धातूच्या थरासारखं साचतं आणि सेल कायमचा दुखावतो. लेहच्या हिवाळ्यात नवी बॅटरी उठवायची असेल तर आधी तिला उबदार खोलीत खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच चार्जर लावा.

मंगळाकडे ३५ टक्के!

अर्धवट चार्ज करून पाठवण्याची युक्ती फक्त दुकानांसाठी नाही. नासाचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर मंगळाच्या वाटेवर असताना ७ ऑगस्ट २०२० रोजी त्याची बॅटरी अंतराळात पहिल्यांदा चार्ज केली, ती ३५ टक्क्यांपर्यंतच. प्रवासात बॅटरीची तब्येत टिकायला तेवढाच चार्ज योग्य होता. त्या बॅटरीत सोनी कंपनीचे फक्त सहा लिथियम-आयन सेल होते. १९ एप्रिल २०२१ ला ते मंगळावर उडालं आणि जानेवारी २०२४ पर्यंत त्याने ७२ उड्डाणं केली.

चंद्रावरची झोप

२० जानेवारी २०२४ ला जपानचं ‘स्लिम’ यान चंद्रावर उतरलं, पण कलंडलं. सौर पॅनेलवर ऊन पडेना. बॅटरीत १२ टक्के वीज उरली असताना शास्त्रज्ञांनी ती मुद्दाम तोडली, कारण पूर्ण रिकामी झाली असती तर पुन्हा उठवणं अवघड होतं. ऊन फिरलं, पॅनेलवर पडलं आणि २८ जानेवारीला यान जागं झालं! सर्किट तुमच्या ड्रोनच्या बॅटरीत आपोआप जे करतं, तेच इथे माणसांनी पृथ्वीवर बसून केलं.

आपल्या चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हरही २ सप्टेंबर २०२३ ला झोपवला गेला, तो बॅटरी पूर्ण चार्ज करूनच. त्याची आणि विक्रम लँडरची रचना एका चांद्रदिवसासाठीच होती. चंद्राच्या कडाक्याच्या रात्रीनंतर, २२ सप्टेंबरला इस्रोने साद घातली, पण उत्तर आलं नाही. त्याआधीच दोघांनी आपलं काम चोख बजावलं होतं.

फवारणीच्या ड्रोनची बॅटरी वेगळी

शेतात फवारणी करणाऱ्या अनेक ड्रोनमध्ये, तसंच रेसिंगच्या एफपीव्ही ड्रोनमध्ये साधे लिथियम-पॉलिमर पॅक असतात. त्यांच्यात हुशार सर्किट नाही, म्हणजे झोप नाही आणि आपोआप बचावही नाही. तिथे राखण माणसानेच करायची. हंगाम संपला की चार्जरवरच्या ‘स्टोरेज’ पर्यायाने प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा आणि अधूनमधून तपासा. खरिपानंतर रिकामे टाकलेले पॅक रब्बीला फुगलेले निघतात, ते याच दुर्लक्षामुळे. गावात फवारणीचे ड्रोन चालवणाऱ्या महिलांसाठी, म्हणजे ड्रोनदीदींसाठी, तर पॅक सांभाळणं म्हणजे रोजगार सांभाळणं.

बॅटरी बदलली, वर्ग बदलला

भारताच्या ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंत ‘मायक्रो’. डीजेआय मिनी ३ मध्ये नेहमीची बॅटरी बसवली तर वजन २४९ ग्रॅमच्या आत. जास्त वेळ उडणारी ‘प्लस’ बॅटरी बसवली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास. ड्रोन तोच, पण वर्ग दुसरा! मोठी बॅटरी उठवण्याआधी आपल्याला लागू होणारे नियम वाचून घ्या.

विमानात न्यायची तर

१०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी हवी. सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात कधीच नाही. मॅविक ३ ची बॅटरी ७७ वॉट-तासांची, म्हणजे बिनधास्त. सर्वेक्षणाच्या मोठ्या मॅट्रिस ३०० ची एक बॅटरी मात्र २७४ वॉट-तासांची, म्हणजे प्रवाशाच्या सामानात तिला जागाच नाही.

आणि जागच आली नाही तर?

क्रमाने जा. केबल बदला, चार्जर बदला, पुरेशा क्षमतेचा चार्जर आहे ना ते पाहा. बॅटरी फार गार किंवा गरम असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. चार्जरवर काही वेळ नजरेसमोर ठेवा. तरीही दिवे शांतच असतील तर सरळ सेवा केंद्र गाठा. नवी असेल तर वॉरंटी आहेच. सर्किटला वळसा घालून तारा थेट सेलला जोडण्याचे जुगाड मात्र करू नका. ज्या सर्किटने नकार दिला, त्याला आत काहीतरी दिसलेलं असतं.

फुगलेली, चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी उठवायची नाही, चार्ज करायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. घरच्या कचऱ्यातही टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि अधिकृत ई-कचरा केंद्रात किंवा कंपनीकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिच्यातलं तांबं, कोबाल्ट आणि लिथियम पुन्हा वापरता येतं, आणि ते परत पोहोचवणं आपल्या हातात आहे.