तेलाची पट्टी

मैत्रिणींनो, शेगडीचा बर्नर चोंदला तर आपण टाचणी घेऊन बसतो, कुकरची शिटी वाजेना तर उघडून बघतो. पण गाडीचं बॉनेट म्हटलं की, "ते ह्यांचं खातं!" मीसुद्धा तेच म्हणायचे. मग एका दिवाळीत माहेरी जाताना घाटात समोर लाल दिवा लागला, तेलाच्या झारीचं चित्र असलेला. म्हटलं, गाव जवळ आलंय, तिथेच दाखवू. जेमतेम आठ किलोमीटर गेले असेन, खडखड आवाज झाला आणि इंजिन जाम! मेकॅनिकने पट्टी ओढून दाखवली, टोकाला तेलाचा टिपूसही नव्हता. बिल ऐकल्यावर भाऊबीजेच्या ओवाळणीची काय कथा!

हा दिवा तेल संपत आलं म्हणून आगाऊ सांगत नाही. तेलाचा दाब पडला की तो लागतो, म्हणजे फिरणाऱ्या भागांना तेल पोचेनासं झालेलं असतं. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. 'थोडंच राहिलंय' हा हिशेब इथे चालत नाही.

त्यापेक्षा महिन्यातून एकदा आणि लांब निघण्याआधी पाच मिनिटं काढावीत. गाडी सपाट जागेवर हवी, उतारावर माप चुकतं. इंजिन बंद करून दहाएक मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं तेल खाली उतरतं. बॉनेट उघडलं की बहुतेक गाड्यांत पिवळी किंवा केशरी कडी दिसते, तीच पट्टी. ओढून काढायची, जुन्या सुती फडक्याने पुसायची, पुन्हा तळापर्यंत खोचायची आणि मग बाहेर काढून बघायची. पहिल्या वेळचं माप धरायचं नाही, तेल वर-खाली फासलेलं असतं. दोन खुणांच्या मध्ये तेल असलं की झालं. खालच्या खुणेपाशी आलं असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच तेल थोडं थोडं घालून पुन्हा मोजायचं. फोडणीत सढळ हात ठीक, इथे नको! जास्त तेलाचा आत फेस होतो आणि वंगण नीट मिळत नाही.

रंगही बघा. डिझेल गाडीचं तेल नवं घातल्यावर लवकरच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरल्याची शंका घ्या आणि गाडी गॅरेजला दाखवा. (इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना यातलं काहीच नाही, तिला इंजिन ऑइल लागतच नाही.)

मागच्या महिन्यात हवा भरायला थांबले, तर तिथल्या मुलाने बॉनेट उघडून पट्टी दाखवली. "ताई, तेल खूपच कमी आहे, लिटरभर टाकू?" पट्टी त्याने अर्धवटच खोचली होती. मी फडकं काढलं, पुसली, तळापर्यंत खोचली आणि त्याच्यासमोर धरली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं! तो म्हणाला, "हवा चारही चाकांत भरू ना?"